कॅमेऱ्याकडे नव्हे, निगेटिव्हकडे परता

१)
गेली काही वर्षे एक दृश्य वारंवार दिसते. पंचविशीतला कोणी तरुण गळ्यात दोन भिंगांचा जुना कॅमेरा अडकवून किल्ल्याच्या तटावर उभा असतो आणि खाली ओळ असते, ‘फिल्मकडे परतलो’. अशा परतलेल्यांत मीही आहे. माझ्याकडे यशिका-मॅट १२४जी आहे आणि तो मला अतिशय प्रिय आहे. तरीही हा थ्रेड मी माझ्याच मंडळींविरुद्ध लिहीत आहे. आपण परतलो खरे, पण चुकीच्या वस्तूकडे परतलो, असे माझे म्हणणे आहे. थ्रेड दीर्घ आहे. कृपया शेवटपर्यंत वाचावे आणि मग खुशाल भांडावे.

२)
नवख्या वाचकांसाठी आधी थोडी ओळख. ‘मीडियम फॉरमॅट’ म्हणजे प्रामुख्याने १२० क्रमांकाची फिल्म. कोडॅक कंपनीने ती १९०१ मध्ये ‘ब्राउनी क्र. २’ या कॅमेऱ्यासाठी बाजारात आणली. रुंदी सुमारे सहा सेंटिमीटर, पाठीला कागदाची पट्टी. चौरस चौकट ठेवली तर एका रोलमध्ये बारा छायाचित्रे निघतात. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरील चौकट २४ × ३६ मिलिमीटर असते. १२० वरील चौरस चौकट सुमारे ५६ × ५६. म्हणजे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून थोडे अधिक. चेहऱ्यावरची सुरकुती, लुगड्याची किनार, मागच्या पडद्यावरचा रंगवलेला महाल, सारे काही त्यात नीट मावते.

३)
यासाठीचा सर्वांत प्रसिद्ध कॅमेरा म्हणजे जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे १९२९ मध्ये तयार झालेला रोलीफ्लेक्स. एकावर एक दोन भिंगे. वरचे पाहण्यासाठी, खालचे टिपण्यासाठी. छायाचित्रकार मान खाली घालून काचेत पाहतो आणि त्याला उजवे-डावे उलटे दिसते. जपानच्या यशिकाने याच धर्तीवर १९५७ मध्ये यशिका-मॅट काढला. स्वस्तातला पर्याय भारतातही होता: बडोद्यात तयार होणारा अ‍ॅगफा क्लिक थ्री. चौरस चौकटीचा हा साधा डबा असंख्य मध्यमवर्गीय घरांत पहिला कॅमेरा म्हणून आला. थोडक्यात, १२० ची फिल्म ही केवळ धनिकांची मिरास कधीच नव्हती.

४)
मग डिजिटल आले. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी तिने एक्टाक्रोम ही प्रसिद्ध रंगीत फिल्म बंद केली आणि २०१८ मध्ये तीच पुन्हा बाजारात आणली. २०२४ मध्ये पेंटॅक्सने चक्क नवा फिल्म कॅमेरा विक्रीस काढला. तेव्हा हे पुनरागमन खरे आहे. ते काही चार हौशी लोकांचे खूळ नव्हे. प्रश्न एवढाच की परतणारे नेमके काय शोधायला परतले आहेत?

५)
त्यांची उत्तरे मी बरीच ऐकली आहेत. एक, फिल्मचा ‘लुक’. दोन, संथपणा: बाराच चौकटी असल्याने माणूस विचार करून बटण दाबतो. तीन, आणि हे सर्वांत ठासून सांगितले जाते, फिल्म खरी असते, डिजिटल खोटे असते. पहिल्या उत्तराशी वाद घालण्यात अर्थ नाही; ज्याची त्याची आवड. दुसरे मला अनुभवाने पटते. तिसरे मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने उच्चारावे, याची मला लाज वाटते.

६)
छायाचित्रण जन्माला आले आणि लगेच खोटे बोलू लागले. १८४० मध्ये इपोलित बायार या फ्रेंच माणसाने स्वतःचे छायाचित्र काढले. त्यात तो बुडून मेलेला इसम म्हणून बसला आहे. आपल्या शोधाला सरकारने मान दिला नाही, याचा तो निषेध होता. माणूस जिवंत, छायाचित्रात प्रेत! तेव्हा संगणक नव्हता, मोबाइल नव्हता. ‘फिल्मच्या काळात सारे खरे होते’ असे म्हणणाऱ्यांनी हे एकच छायाचित्र डोळ्यांसमोर ठेवावे.

७)
दूर पॅरिसला जाण्याचीही गरज नाही. आमच्या चिखलीसारख्या तालुक्याच्या गावातील कोणत्याही जुन्या स्टुडिओवाल्याला विचारा. रिटचिंग हा त्याच्या कामाचाच भाग होता. निगेटिव्हच्या खरबरीत बाजूवर टोकदार पेन्सिलीने बारीक रेघा ओढायच्या. निगेटिव्हवर जिथे शिसे चढते, तिथे कागदावरची प्रत उजळ येते. देवीचे व्रण अशा रीतीने पुसले जात. डोळ्यांखालची वर्तुळे जात. आणि स्थळासाठी फोटो काढायला आणलेल्या सावळ्या मुलीचा सावळा रंगही जाई.

८)
इथेच माझ्या मुद्द्याचे मर्म आहे. त्या मुलीचा कागदावरचा फोटो खोटे बोलतो. पण निगेटिव्ह तिरप्या उजेडात धरली की पेन्सिलीची एकेक रेघ दिसते. मुलीचा मूळ वर्णही दिसतो आणि तो झाकणारा हातही दिसतो. वर्णभेदावर आपण निबंध लिहितो; त्याचा हातचा पुरावा त्या इवल्याशा पट्टीवर असतो. फिल्म खरे बोलते म्हणून मोलाची नाही. ती खोटे कसे घडले, याची नोंद स्वतःच्या अंगावर बाळगते म्हणून मोलाची आहे.

९)
याला तांत्रिक इतिहास आहे. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झालेल्या दागेरच्या पद्धतीत धातूच्या पत्र्यावर एकुलते एक चित्र उमटे. त्याला निगेटिव्ह नव्हती. इंग्लंडच्या फॉक्स टॅल्बटने वेगळा मार्ग धरला: आधी कागदावर उलट छायेचे चित्र, मग त्यावरून हव्या तितक्या प्रती. उपलब्ध असलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह त्याचीच, ऑगस्ट १८३५ मधील, आपल्या घराच्या जाळीदार खिडकीची. १८४१ मध्ये त्याने सुधारित पद्धतीचे पेटंट घेतले. ‘निगेटिव्ह’ व ‘पॉझिटिव्ह’ हे शब्द या कलेत रूढ केले ते जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने.

१०)
आपल्याकडेही ही विद्या फार लवकर आली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तेव्हा हे ‘पाश्चात्त्यांचे अनुकरण’ म्हणून उडवून लावणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे: आपल्या प्रदेशाशी या विद्येचे नाते पावणेदोनशे वर्षांकडे चालले आहे. आणि या साऱ्या काळात मूळ साधन म्हणजे निगेटिव्ह. हातात येते ती प्रत.

११)
मूळ साधन नसले की काय होते, हे या समाजमाध्यमावर रोज दिसते. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे म्हणून एक छायाचित्र वर्षानुवर्षे फिरते आहे. ‘१८५० मध्ये हॉफमन नावाच्या छायाचित्रकाराने टिपले’ अशी टीप सोबत असते. आता पाहा: जॉन्स्टन अँड हॉफमन हा कलकत्त्याचा प्रख्यात स्टुडिओ निघाला १८८० च्या दशकात. राणी धारातीर्थी पडल्या १८५८ मध्ये. तारखांचा एवढा साधा मेळ न घालता हजारो लोक ते छायाचित्र भक्तिभावाने पुढे पाठवतात.

१२)
यापुढे तर ‘रंगवलेली’, ‘जिवंत केलेली’ ऐतिहासिक छायाचित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून रोज घडवली जाणार आहेत. दिसण्यावरून खरे-खोटे ठरवण्याचे दिवस सरले. उद्या कोणी विचारील, ‘हे छायाचित्र खरे कशावरून?’ तेव्हा उत्तर एकच असेल: वस्तू दाखवा. कुठे सापडली, कोणाच्या ताब्यात होती, त्याच पट्टीवर शेजारी काय आहे, ते दाखवा. कागदपत्राला जशी परीक्षा लावतो, तशीच छायाचित्राला लावायची तर निगेटिव्ह हवी.

१३)
आणि आता माझा आरोप. फिल्मकडे परतलेल्या या पिढीतले अनेक जण रोल लॅबकडे पाठवतात आणि सोबत चिठ्ठी लिहितात, ‘स्कॅन ईमेल करा, निगेटिव्ह नको.’ पुष्कळ लॅबमध्ये न नेलेल्या निगेटिव्ह साठतात आणि शेवटी कचऱ्यात जातात. मित्रहो, विचार करा. हजार रुपयांच्या आसपासचा रोल घेतला, बाराच चौकटी विचारपूर्वक टिपल्या, सत्याच्या गप्पा मारल्या आणि जे एकमेव साक्षीदार द्रव्य होते, तेच फेकून दिले! मग उरले काय? मोबाइलमधले एक डिजिटल चित्र, थोडे दाणेदार. त्यासाठी अर्ध्या शतकापूर्वीचे यंत्र कशाला हवे होते?

१४)
मी यातून सुटत नाही. माझ्या पहिल्या रोलमधील बारापैकी चार चौकटी धड आल्या. ते चार स्कॅन मी मोठ्या दिमाखात मिरवले आणि निगेटिव्ह सात महिने लॅबमध्येच पडू दिल्या. दुसरा रोल तर कॅमेऱ्यात नीट बसवताच येईना. म्हणून चिखलीतल्या एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांकडे गेले. स्टुडिओ केव्हाच बंद झालेला. पुढच्या गाळ्यात आता झेरॉक्सचे दुकान आहे. शाळेत असताना त्या दारावरून मी रोज गेले होते. आत कधी डोकावले नव्हते.

१५)
काकांनी कॅमेरा हातात घेतला, झाकण उघडले आणि न पाहता रोल चढवून दाखवला. बोटांना सारे पाठ होते. मी सहज विचारले, ‘काका, तुमच्या जुन्या निगेटिव्ह कुठे असतात?’ ते म्हणाले, ‘गेल्या उन्हाळ्यात देऊन टाकल्या वं पोरी भंगारवाल्याले. किलोच्या भावानं. अकरा पोते होते.’ मला बोलवेना. थोड्या वेळाने तेच म्हणाले, ‘कोनी इचारलं असतं त ठेवल्या असत्या.’
या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. गेल्या उन्हाळ्यात मी यशिका विकत घेण्यासाठी पैसे जमवत होते.

१६)
भंगारवाला निगेटिव्ह का घेतो? कारण त्यात चांदी असते. फिल्मवरचा थर म्हणजे जिलेटिनमध्ये मिसळलेले चांदीचे क्षार. प्रकाश पडला, डेव्हलपरमधून काढली की त्यांतून शुद्ध चांदीचे सूक्ष्म कण तयार होतात. कृष्णधवल निगेटिव्हमधला काळा भाग म्हणजे प्रत्यक्ष चांदीच. उरलेले क्षार हायपोत विरघळतात. आमच्या जिल्ह्यातील खामगावला चांदीच्या बाजारपेठेमुळे ‘रजतनगरी’ म्हणतात. चांदीचा भाव इथे पोरासोरांना कळतो. चेहऱ्यांचा भाव मात्र कोणी लावला नाही. एका माणसाच्या आकृतीत जेवढी चांदी बसली, तेवढीच त्याची किंमत ठरली.

१७)
ही चूक आपण पहिल्यांदा करत नाही. ‘आलम आरा’ हा १९३१ चा पहिला भारतीय बोलपट; त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मूकपटांच्या काळात भारतात तेराशेच्या आसपास चित्रपट झाले. त्यांतले उरले ते मूठभर. कित्येक रिळे चांदीसाठी धुतली गेली. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रकार होते. गोध्र्यात त्यांचा स्टुडिओ होता. त्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चाही थोडाच भाग शिल्लक आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत जुनी नायट्रेट रिळे जळाली, तेव्हा महाराष्ट्राने हळहळ व्यक्त केली. अकरा पोत्यांसाठी हळहळायला कोण आहे?

१८)
‘एका गावच्या स्टुडिओत असे काय असणार?’ हा प्रश्न मला विचारला गेला आहे. साधा हिशेब करू. वर्षातले ३०० दिवस दुकान उघडे धरा. रोज फक्त एक रोल, म्हणजे बारा चौकटी. वर्षाला ३,६००. असे तीस वर्षे चालले तर १,०८,००० चौकटी. एका तालुक्यात अशी दोन-तीन दुकाने असली तर? आसपासच्या खेड्यांतून बाजाराच्या दिवशी आलेली, रेणुकादेवीच्या यात्रेला आलेली माणसे त्यांत आहेत. कोणत्याही बखरीत, कोणत्याही गॅझेटियरमध्ये या माणसांची नावे नाहीत.

१९)
आणि निगेटिव्ह एकटी नसते. ती ज्या पाकिटात असते, त्यावर नाव, गाव, तारीख, किती प्रती हव्यात, किती पैसे आगाऊ दिले, हे लिहिलेले असते. फिल्मच्या कडेवर कंपनीचे नाव उमटलेले असते. ‘ओर्वो’ दिसले तर ती फिल्म पूर्व जर्मनीतून आली. भारत त्या देशाशी रुपयांत व्यापार करत असे. ‘इंदू’ दिसले तर ती उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची. ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली आणि १९६७ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. चिखलीच्या नवरीच्या फोटोच्या कडेला शीतयुद्धाचा व्यापार आणि स्वावलंबनाचे धोरण, दोन्ही छापलेले असतात. स्कॅन करणारा ती कड बहुधा कापून टाकतो.

२०)
आता सरकारी कॅमेऱ्याने आपल्याकडे कसे पाहिले, ते आठवा. ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे १८६८ ते १८७५ या काळात निघालेले आठ खंड. त्यांत माणसे आहेत, पण बहुतेक ‘जमातीचे नमुने’ म्हणून. त्यांच्या मर्जीने त्यांनी काय ल्यावे, कसे उभे राहावे, हा प्रश्नच नव्हता. आमच्या जिल्ह्यातील लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचा अभ्यास पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स यांनी केला. मध्ययुगीन मंदिरांवरील त्यांचा ग्रंथ १९३१ मध्ये आला. मंदिरांची छायाचित्रे जपली गेली, हे उत्तमच झाले. पण त्या मंदिरासमोरून रोज पाणी भरायला जाणाऱ्या बाईचे छायाचित्र जपण्याची जबाबदारी कोणत्याच खात्याची नव्हती.

२१)
तिचे छायाचित्र असलेच तर तालुक्याच्या स्टुडिओत असते. आणि तिथे ती ‘नमुना’ नसते. तिने पैसे मोजलेले असतात. मनगटावर घड्याळ बांधायचे की हातात पुस्तक धरायचे, नवऱ्याशेजारी उभे राहायचे की खुर्चीत बसायचे, हे ती आणि तिच्या घरचे ठरवतात. घड्याळ स्टुडिओचे असते, कोट स्टुडिओचा असतो, मागचा बगीचा पडद्यावरचा असतो. त्या सगळ्या उसन्या सामानातून एक गोष्ट स्वच्छ कळते: या माणसाला स्वतःला कसे पाहिलेले हवे होते. सामान्य माणसाच्या आकांक्षेचा एवढा थेट पुरावा मला दुसऱ्या कोणत्या साधनात दिसत नाही.

२२)
माझ्या आजीचे तरुणपणीचे एकच छायाचित्र होते. लग्नानंतर काढलेले, त्याच स्टुडिओत. प्रतीला वाळवी लागली आणि ती माझ्या जन्माआधीच गेली. त्यानंतर तिचा चेहरा कॅमेऱ्यापुढे आला तो मतदार ओळखपत्रासाठी; छायाचित्र असलेली ती ओळखपत्रे १९९३ पासून निघू लागली. मधली सारी वर्षे कोरी. काकांच्या पोत्यांत तिची निगेटिव्ह असणे अगदी शक्य होते. मी हे भावना चाळवण्यासाठी लिहीत नाही. निगेटिव्हचा उपयोग नेमका हाच असतो, एवढेच सांगते आहे: प्रत नष्ट झाली तरी माणूस पुन्हा मिळू शकतो.

२३)
आता आपल्या विद्याशाखेकडे वळू. महाराष्ट्रात इतिहासाचा विद्यार्थी वि. का. राजवाड्यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही. गावोगाव फिरून, वाड्यांच्या माळ्यांवर कुजणारी दफ्तरे त्यांनी मिळवली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २२ खंड झाले. त्यांच्या काळी सुशिक्षित लोकही ते कागद रद्दी समजत. आज आपण त्यांच्यावर हसतो. आणि आपल्या डोळ्यांदेखत विसाव्या शतकाचे दफ्तर भंगारात जाते, तेव्हा आपण ‘मोडी कागद नाही ना, मग साधन कसले?’ म्हणून स्वस्थ बसतो. प्रबंधासाठी तालुक्याच्या स्टुडिओचा विषय मी सुचवला, तेव्हा मला मिळालेले उत्तर असे होते: ‘साधने कुठे आहेत?’ साधने पोत्यात होती, सर.

२४)
हे अशक्य आहे असेही नाही. मध्य प्रदेशातील नागदा हे चिखलीसारखेच गाव. ख्रिस्तोफर पिनी या मानववंशशास्त्रज्ञाने तिथल्या स्टुडिओंचा अभ्यास करून १९९७ मध्ये ‘कॅमेरा इंडिका’ लिहिले. पुढे तिथल्या सुरेश पंजाबी यांच्या ‘सुहाग स्टुडिओ’च्या छायाचित्रांवर २०१३ मध्ये स्वतंत्र पुस्तक निघाले. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने तमिळनाडूतील जुन्या स्टुडिओंची छायाचित्रे जतन करण्याचा प्रकल्प राबवला. अमेरिकेत व्हिव्हियन मायर ही दाईचे काम करणारी बाई अनेक वर्षे रोलीफ्लेक्सने रस्त्यावरची माणसे टिपत राहिली. २००७ मध्ये शिकागोत तिचे थकबाकीतले सामान लिलावात निघाले आणि त्यातून निगेटिव्हचा प्रचंड साठा हाती आला. कोणीतरी ते खोके चांदीसाठी घेतले असते तर?

२५)
आक्षेप येतीलच, म्हणून तिघांना आधीच उत्तर देते.
‘हौस आहे, हौस राहू द्या.’ जरूर. पण मग ‘इतिहासाशी नाते’, ‘सत्य’ असे शब्द फोटोखाली लिहू नका.
‘डिजिटल स्कॅन पुरेसा नाही का?’ स्कॅन अवश्य करा. त्याने प्रसार होतो. पण पेन्सिलीच्या रेघा, कडा आणि पाकीट यांसह वस्तू राखली नाही, तर उद्या त्या स्कॅनची आणि बनावट चित्राची किंमत सारखीच होईल.
‘लोकांच्या खासगीपणाचे काय?’ हा आक्षेप खरा आहे आणि मला मान्य आहे. स्थळासाठी काढलेला कोणा आजीचा फोटो तिच्या घरच्यांना न विचारता इथे टाकणे म्हणजे चोरी. जतन करणे आणि जाहीर करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले आज करा. दुसरे परवानगीने करा, नाहीतर करू नका.

२६)
काय करता येईल? ज्यांच्याकडे जुना कॅमेरा आहे, त्यांच्यासाठी हा गृहपाठ.
क) आपल्या गावातील जुन्या स्टुडिओवाल्याकडे जा. आधी त्यांचे बोलणे ऐका, ध्वनिमुद्रित करा. नावे आणि वर्षे त्यांच्या डोक्यात आहेत.
ख) निगेटिव्ह पाकिटातून वेगळ्या करून ‘नीट’ लावू नका. क्रम हाच पुरावा आहे. वही किंवा रजिस्टर असेल तर आधी त्याचे फोटो घ्या.
ग) कडेने धरा. पाण्याने धुऊ नका. कोरड्या, थंड जागी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका.
घ) सिरक्यासारखा आंबट वास येत असेल तर ती फिल्म कुजू लागली आहे, तिला इतरांपासून वेगळी ठेवा आणि तिची नोंद सर्वांत आधी करा.
ङ) पांढऱ्या उजेडाच्या पडद्यावर ठेवून मोबाइलनेही कामचलाऊ प्रत निघते. कडा कापू नका.
च) आणि स्वतःच्या रोलच्या निगेटिव्ह लॅबमधून परत आणा. पाकिटावर तारीख, ठिकाण आणि माणसांची नावे लिहा. पन्नास वर्षांनी तुम्हीही कोणाचे तरी साधन असणार आहात.

२७)
काकांकडे एक पत्र्याचा डबा उरला होता. भंगारवाल्याच्या नजरेतून सुटला तो झेरॉक्स मशीनच्या मागे पडला होता म्हणून. सुमारे दोनशे पाकिटे. गेले दोन महिने दर रविवारी मी तिथे बसते. काका निगेटिव्ह खिडकीकडे धरतात आणि सांगतात, हा अमक्या खेड्याचा, याचे लग्न दुष्काळाच्या साली झाले. ही मास्तरीण, हिने स्वतः पैसे देऊन एकटीचा फोटो काढला होता. मी लिहून घेते. ९४ पाकिटे झाली आहेत. माझी आजी अजून त्यांत सापडलेली नाही. यशिका सोबत असतो. पण बहुतेक वेळ तो पिशवीतच राहतो.

२८)
थ्रेड संपला. फिल्मवर प्रेम करणाऱ्यांना दुखावण्याचा हेतू नव्हता. माझा पुढचा रोलही तयार आहे. तुमच्या तालुक्यात जुना स्टुडिओ अजून उभा असेल, तर खाली केवळ तालुक्याचे नाव लिहा. मालकाचे नाव, पत्ता, फोन नको. आणि या रविवारी तिथे जाऊन एवढेच विचारा: ‘काका, निगेटिव्ह आहेत का अजून?’